सरफेस ग्राइंडरचं स्पिंडल उघडून बसलोय, बेअरिंग कोणतं घालू?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं छोटं टूलरूम आहे. प्रेस टूलचे पंच आणि डाय प्लेटा, बहुतेक डी-२ (टूल स्टील) च्या, हार्डनिंग होऊन आलेल्या. बाबांनी सेकंडहँड घेतलेला १८ बाय ६ इंची हाताचा सरफेस ग्राइंडर (स्पिंडलवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर बसवलेल्या घासायच्या व्हीलने प्लेट सपाट करणारं मशीन) आहे. नेमप्लेट कधीच गळून पडली, त्यामुळे मॅन्युअल, ड्रॉइंग काही नाही.

दिवाळीपासून फिनिश बिघडलंय. प्लेट ट्यूबलाइटखाली तिरकी धरली की आडव्या बारीक लाटा दिसतात. नख फिरवलं तर काही लागत नाही, पण गिऱ्हाइकाने पहिल्या नजरेत पकडलं आणि अख्खा लॉट परत आला. व्हील बदललं, बॅलन्स केलं, पट्टा नवा टाकला, फरक शून्य. शेवटी मायक्रॉनचा डायल स्पिंडलच्या पुढच्या टोकाला लावून लाकडी दांड्याने स्पिंडल उचललं, तर काटा १२ मायक्रॉन हलला. हेड तर अर्ध्या तासात हात ठेवू देत नव्हतं.

म्हणून उघडलं. पुढे ७२०६ सी (गोळ्या तिरक्या कोनात टेकणारं बेअरिंग), पी४ (जास्त अचूक दर्जा) ची जोडी, मध्ये एक आतला आणि एक बाहेरचा स्पेसर (अंतर राखणारी कडी). मागे साधं ६२०५ बेअरिंग आणि वेव्ह वॉशर (लाटेसारखी स्प्रिंगची चकती). घोळ असा की बेअरिंगं पितळी पंचने ठोकून काढली आणि कामावरच्या पोराने सगळं एकाच डिझेलच्या डब्यात टाकलं. आता कुठलं तोंड कुठे होतं ते आठवत नाही. बाहेरच्या रिंगांवर एकेक तिरकी रेघ तेवढी दिसते.

पी४ जोडीचा भाव ऐकून घाम फुटला. दुकानदार म्हणतो, "७२०६ बी न्या की, माप तेच, पंपवाले हेच नेतात." चालेल का? आणि स्पेसर जुनेच घालू का?

जुना फिटर:
दादा, बी अजिबात नको. सीचा गोळ्या टेकायचा कोन १५ अंश, बीचा ४०. पंपात शाफ्टच्या लांबीच्या दिशेने जोर येतो, तिथे ४० शोभतो. तुमचा जोर व्हीलखालून आडवा येतो. शिवाय ३० मिमी बोअरच्या साध्या बेअरिंगला आतल्या रिंगचा रनआउट (फिरताना होणारी डगमग) १३ मायक्रॉनपर्यंत चालतो, पी४ ला ३. म्हणजे पैसे देऊन तेच दुखणं परत घरी आणाल.

मॅच्ड (कारखान्यातच जुळवलेली) जोडीच घ्या, दोन सुटी नकोत. ती तिरकी रेघ म्हणजे जोडीवर मिळून काढलेल्या इंग्रजी व्हीची अर्धी बाजू. जुनी दोन्ही शेजारी ठेवून व्ही जुळवा, कुठलं तोंड कुठे ते लगेच कळेल. लाटांमधलं अंतर मोजलंय का?

मूळ प्रश्नकर्ता:
परत आलेल्या एका प्लेटवर भिंग लावून मोजलं. १० मिमीत १५ लाटा. स्पिंडल २८०० आरपीएम, टेबल अंदाजे मिनिटाला १० मीटरने ढकलतो.

जुना फिटर:
मग एका फेऱ्यात टेबल साडेतीन मिमी सरकतं. व्हीलचा दोष असता तर लाटा साडेतीनवर आल्या असत्या. तुमच्या फेऱ्यामागे पाच-सहा पडतायत. एका बेअरिंगमधल्या गोळ्या मोजा.

मूळ प्रश्नकर्ता:
तेरा आहेत.

जुना फिटर:
जमलं. बाहेरची रिंग स्थिर असली की फेऱ्यामागे निम्म्याहून थोड्या कमी गोळ्या एका जागेवरून जातात. तेराच्या हिशोबाने पाच-सहाच. पुढच्या जोडीतल्या एका बाहेरच्या रिंगला खड्डा असणार, चिंधीने पुसून उन्हात धरून बघा.

स्पेसर तेच चालतील, पण दोघांची लांबी अगदी सारखी हवी, एक-दोन मायक्रॉनच्या आत. प्रीलोड (गोळ्या सैल राहू नयेत म्हणूनचा दाब) जोडीतच घासून आलेला असतो. स्पेसर कमीजास्त झाला की तो बिघडतो. दोन्ही एकाच चकवर, एकाच सेटिंगमध्ये घासायचे. आता ग्राइंडर दुरुस्त करायला ग्राइंडर लागतो ही गंमत आहेच, तेव्हा शेजाऱ्याचा धरा.

बसवताना हातोडी कपाटात ठेवा. बेअरिंग ८० अंशांपर्यंत गरम केलं की हाताने सरकतं. ग्रीस स्पिंडलचंच, आणि मोकळ्या जागेच्या पाव ते तिसरा हिस्साच. ठासून भरलंत तर पुन्हा तापणार. पहिल्या दिवशी अर्धा मिनिट चालवा, दोन मिनिटं थांबा, असं वीसेकदा. मग हळूहळू वेळ वाढवा. मागच्या ६२०५ ला सरकायला जागा ठेवा, तो वेव्ह वॉशर त्यासाठीच आहे.

मूळ प्रश्नकर्ता:
खड्डा सापडला! पुढच्याच बेअरिंगला, बाहेरच्या रिंगवर, तांदळाच्या कणीएवढा. जोडीची ऑर्डर दिली. स्पेसर घेऊन उद्या पलीकडच्या गल्लीत जातोय, पोराला न पाठवता स्वतःच.