मदत हवी आहे: मिठाच्या पाण्यातल्या डिल पिकल्सच्या काकड्या मऊ पडतायत, कुरकुरीत कशा ठेवायच्या?

नमस्कार मंडळी,

शिकागोच्या उपनगरात राहते. यंदा बॅकयार्डमध्ये बोस्टन पिकलिंग जातीच्या काकडीचे वेल लावलेत, त्या बुटक्या, जाड सालीच्या, अंगावर बारीक काटे असलेल्या काकड्या असतात ना त्या. जुलै संपता संपता असा काही बहर आला की कोशिंबीर, खमंग काकडी, थालीपिठं सगळं करून झालं, शेजारीपाजारी वाटून झालं, तरी रोज काकड्या येतच आहेत. म्हणून डिल पिकल्स, म्हणजे शेपू घातलेली काकडीची लोणची, घालायला घेतली. व्हिनेगरमधली नाही, मला ती पोलिश पद्धतीची हवीत, नुसत्या मिठाच्या पाण्यात आंबवलेली, लसूण आणि शेपूची फुलं घातलेली. इथे पोलिश वस्ती खूप आहे, त्यांच्या दुकानात ही सुटी मिळतात आणि एकदा ती खाल्ली की बाटलीतली पिवळी, नुसती आंबट पिकल्स घशाखाली उतरत नाहीत.

शेजारी एक पोलिश आजी आहेत, त्यांनी मला प्रेमाने शिकवलं, पण त्यांचं सगळं अंदाजाने, मीठ किती विचारलं की मूठ दाखवतात आणि पाणी किती विचारलं की बरणी दाखवतात. त्यांची पिकल्स दाताखाली कट्कन मोडतात. माझी चवीला अगदी तशीच होतात, वास तसाच, पाणी तसंच छान गढूळ होतं, पण आठवड्याभरात काकडी आतून मऊ पडते, साल तेवढी चिवट राहते आणि चावलं की गर बाहेर येतो.

मी काय करते ते सांगते. काकड्या धुऊन देठाकडचं टोक कापून घासते, कडूपणा निघायला, आपल्याकडे करतात तसं. मग काचेच्या बरणीत उभ्या रचते, मध्ये लसूण ठेचून, शेपूच्या फुलांचे दोन झुपके, मोहरी, मिरे. लिटरभर पाण्याला दोन टेबलस्पून कोशर मीठ (इथलं जाड खड्यांचं मीठ) विरघळवून ओतते, वर छोटी बशी ठेवून काकड्या पाण्याखाली दाबते. बरणी किचनच्या ओट्यावरच असते. एसी आम्ही दुपारी बंद ठेवतो त्यामुळे घरात बऱ्यापैकी गरम होतं, २८-२९ सेल्सिअस सहज.

तर मीठ कमी पडतंय का, गरमीने होतंय का, की काकडीच चुकीची आहे? आणि आजी बरणीत ओकचं पान आणि हॉर्सरॅडिशचं (झणझणीत मुळाची एक भाजी) पान घालतात, ते खरंच कुरकुरीतपणासाठी असतं का? व्हिनेगर घालून करा असं कृपया सांगू नका, ती मला येतात. मला हीच जमवायची आहेत, हिवाळ्यात बटाट्याच्या सूपबरोबर आणि सॉसेजबरोबर ही असली की जेवणाला जी मजा येते ती दुसऱ्या कशाने येत नाही.

रानमेवा:

काकडी अगदी बरोबर आहे तुमची, त्यात शंका नको. चुकीची म्हणजे ती लांबडी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली इंग्लिश काकडी, किंवा मेण लावलेली सॅलडची. मेणातून मीठ आत शिरत नाही.

मला टोकाचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुम्ही देठाकडचं कापता आणि फुलाकडचं तसंच ठेवता, पिकल्सना बरोबर उलटं हवं. काकडीच्या ज्या टोकाला फूल होतं तिथे मऊ करणारी एन्झाइम्स असतात, सुकलेल्या फुलावर बुरशी वाढते तिच्याकडूनही येतात, आणि ती काकडीतलं पेक्टिन तोडतात. पेक्टिन म्हणजे पेशी एकमेकींना धरून ठेवणारा पदार्थ, तो तुटला की काकडी आतून बसलीच. फुलाकडच्या टोकाची पातळशी चकती, दीड-दोन मिलिमीटरच, सगळ्या काकड्यांची काढायची. एकही सोडू नका कारण एन्झाइम्स पाण्यात उतरतात आणि बरणीभर फिरतात. देठ मात्र पाव इंच राहू द्या. कुठलं टोक कुठलं कळत नसेल तर जिथे तपकिरी खरखरीत ठिपका असतो ते फुलाचं. कडू निघेल अशी भीती असेल तर वेलाला पाणी नियमित द्या, पाणी कमी-जास्त झालं की कडूपणा वाढतो.

आणि वेलावरून काढल्यापासून २४ तासांच्या आत बरणीत जायला पाहिजेत. घालायच्या आधी काही तास बर्फाच्या पाण्यात ठेवा, तरतरीत होतात.

निवांत:

टोकाचं पटलं, पण मी म्हणेन मीठ आणि गरमी ही जोडगोळी जास्त दोषी आहे. जरा हिशोब करू.

कोशर मीठ चमच्याने मोजूच नका. एका ब्रँडचे खडे हलके पोकळ असतात, दुसऱ्याचे जड, दोन टेबलस्पून म्हणजे एकाचे २० ग्रॅमच्या आसपास आणि दुसऱ्याचे ३०. म्हणजे तुमचं पाणी धरा दोन ते तीन टक्क्यांचं. आता काकडीत जवळजवळ ९५ टक्के पाणीच असतं. बरणीत काकड्या आणि मिठाचं पाणी साधारण समान वजनाचे असतील तर काही दिवसांत मीठ दोन्हीकडे सारखं पसरतं, म्हणजे शेवटी उरतं एक ते दीड टक्का. २९ डिग्रीत एवढ्या मिठावर काकडी टिकणार कशी!

लिटरला ५० ग्रॅम मीठ घ्या, वजन करून. हाफ-सावर हवी असतील, म्हणजे पोलिश लोक उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत खातात ती हिरवीगार कमी आंबट, तर ३५ ग्रॅम चालतं, पण ती टिकवायची नसतात, लगेच फ्रिजमध्ये टाकून संपवायची. तुम्हाला हिवाळ्यासाठी हवीत त्यामुळे ५० च्या खाली जाऊ नका. मीठ आयोडीनवालं नको, पिकलिंग सॉल्ट म्हणजे काहीही न मिसळलेलं मीठ घ्या, साध्या टेबल सॉल्टमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून जे घालतात त्याने पाणी गढूळ होतं आणि मग आंबल्याने गढूळ झालंय की मिठाने हे कळत नाही.

आणि ओट्यावरून बरणी उचला. शिकागोत घराला बेसमेंट असणारच, तिथे नेऊन ठेवा. २१ ते २४ सेल्सिअसला तीन-चार आठवड्यांत उत्तम होतात, त्याहून थंड १३ ते १८ असेल तर पाच-सहा आठवडे लागतात पण होतात. २७ च्या वर गेलं की मऊ पडणार हे धरूनच चाला. आठवड्यात झालं पाहिजे ही घाई सोडा, आंबण्याचं काम जितकं सावकाश तितकी काकडी घट्ट.

सुगरण_नागपूर:

मी पिकल्स कधी केली नाहीत पण पेठा करताना कोहळ्याचे तुकडे चुन्याच्या निवळीत ठेवतो ना, त्याने तुकडा वरून कसा कडक राहतो, पाकात विरघळत नाही. तसं काकडीला केलं तर? किंवा तुरटी? आमची आजी काही मुरंब्यांत तुरटी वापरायची.

निवांत:

ताई, तत्त्व अगदी बरोबर आहे, चुन्यातलं कॅल्शियम पेक्टिनला घट्ट बांधतं म्हणून पेठा कडक राहतो, आणि अमेरिकेतही जुन्या बायका काकड्या चुन्यात ठेवायच्या. पण चुना अल्कधर्मी आहे आणि लोणच्याची सगळी सुरक्षितता आंबटपणावर उभी आहे. पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली असेल तरच बोट्युलिझमचे, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेचे, जंतू वाढत नाहीत. चुना काकडीत उरला तर आम्ल मारलं जातं. ज्यांना करायचंच असेल त्यांनी खाण्याचाच चुना घ्यावा, १२ ते २४ तास ठेवावं, मग धुऊन तासभर स्वच्छ पाण्यात, असं पुन्हा पुन्हा तीनदा तरी. व्हिनेगरच्या पिकल्सना ते ठीक आहे, इथे जिथे आम्ल हळूहळू काकडीतच तयार व्हायचंय तिथे मी अजिबात करणार नाही.

तुरटी आता इथले जाणकार सुचवत नाहीत. त्यापेक्षा कॅल्शियम क्लोराइड, इथे बॉल कंपनीचं पिकल क्रिस्प नावाने मिळतं, एक क्वार्ट (साधारण लिटरभर) बरणीला पाव टीस्पून. कॅल्शियम तेच पण आंबटपणाला धक्का नाही. आधी टोक, मीठ आणि बेसमेंट एवढंच करून बघा असं माझं मत, याची गरजच पडणार नाही बहुतेक.

रानमेवा:

पानांचं राहिलं. आजी बरोबर करतायत. ओक, द्राक्ष, आंबट चेरी, काळ्या करंटची पानं, यांत टॅनिन म्हणजे तुरट द्रव्य असतं आणि ते त्या मऊ करणाऱ्या एन्झाइम्सना अडवतं. जॉर्जिया विद्यापीठाचं घरगुती अन्न टिकवण्याचं जे राष्ट्रीय केंद्र आहे त्यांचं म्हणणं असं की द्राक्षाच्या पानाने फायदा होतो, पण फुलाकडचं टोक काढलं असेल तर पानाची गरज नाही. मी दोन्ही करते, कारण हॉर्सरॅडिशचं पान आणि मुळाचा तुकडा घातल्यावर जो झणका येतो तो मला हवाच असतो. पानं फवारणी न केलेल्या झाडाची घ्या, रस्त्याकडेच्या ओकची नको.

त्याच केंद्राची कृती चार पौंड काकडीला अर्धा कप पिकलिंग सॉल्ट, पाव कप व्हिनेगर आणि आठ कप पाणी अशी आहे. मूळ पोस्टमध्ये व्हिनेगर नको म्हटलंय ते वाचलं, पण हे एवढंसं व्हिनेगर चवीसाठी नाही, सुरुवातीचे दिवस नको ते जंतू वाढू नयेत म्हणून असतं. विचार करा.

कोथरूडकर:

पुण्यात करायची असतील तर? ती छोटी काकडी म्हणजे घर्किन, तिची कर्नाटकात भरपूर शेती होते पण जवळजवळ सगळी एक्स्पोर्टला जाते, मंडईत मी तरी बघितली नाही. गावठी कोवळी काकडी चालेल का? आणि शेपूची जुडी मिळते, फुलं मिळत नाहीत.

रानमेवा:

कोथरूडकर, गावठी काकडी बोटभर लांबीची, बी न धरलेली घ्या, अख्खीच घाला, चिरू नका. फुलं नसतील तर बाळंतशोपा घाला, शेपूचं बीच ते, फुलाच्या झुपक्याची खरी चव बियांतूनच येते, वर चार काड्या ताज्या शेपूच्या. पुण्यात मात्र उन्हाळ्यात करूच नका, डिसेंबर-जानेवारीत घाला.

मूळ प्रश्नकर्ती:

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार! बेसमेंटमध्ये थर्मामीटर ठेवून आले, २१ दाखवतोय, म्हणजे जागा आयतीच होती. वजनकाटा काढलाय. टोकाचं वाचून आजींना विचारायला गेले तर त्या म्हणाल्या, हो, कापतेच की, त्यात सांगायचं काय! आणि ओकची पानं त्यांच्याच अंगणातली देणार आहेत. व्हिनेगरचं पटलं, पाव कप घालेन.

अजून दोन शंका. आधीच्या बरणीतल्या मऊ काकड्यांचं काय करू, वास चांगला आहे पण बोटाने दाबलं की खड्डा पडतो आणि पाण्यावर पांढरा पातळ थर आलाय. आणि वेलावरून रोज पाच-सातच काकड्या येतात, तर आजच्या बरणीत उद्याच्या घातल्या तर चालेल?

निवांत:

पांढरा थर बहुतेक यीस्टचा, तो रोज चमच्याने काढून टाकायचा असतो, ठेवला तर आम्ल खाऊन टाकतो. पण काकड्या मऊ पडल्यात तर बरणी टाकून द्या, वास चांगला असला तरी. मऊ, बुळबुळीत किंवा घाण वासाची, यातलं एक जरी असलं तरी खायची नाहीत, आणि ते पाणीही पुढच्या बरणीत विरजण म्हणून वापरू नका, त्यात तीच एन्झाइम्स आहेत.

लसूण निळा-हिरवा झाला तर मात्र घाबरू नका, आम्लाने होतो, खायला काही हरकत नाही.

आंबत असलेल्या बरणीत नव्या काकड्या घालू नका. एक जुनी, एक ताजी, मिठाचं प्रमाण खाली येतं आणि कुठली कधी तयार झाली कळत नाही. छोट्या बरण्या घ्या, दोन दिवसांच्या काकड्या न धुता फ्रिजमध्ये ठेवून एकदम एक बरणी भरा, एखादा दिवस इकडेतिकडे झाला तर चालतं. प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी लावा. तयार झाली की त्याच पाण्यात फ्रिजमध्ये, थर काढत राहिलात तर चार ते सहा महिने नीट राहतात. बरणी उकळून सील करायला जाऊ नका, उकळत्या पाण्यात गेली की कुरकुरीतपणा गेला. करायचंच असेल तर ८२ ते ८५ सेल्सिअसच्या पाण्यात ३० मिनिटं, थर्मामीटर सतत बघत, पण फ्रिजमध्ये जागा असेल तर ती भानगड कशाला.

मूळ प्रश्नकर्ती:

गॅरेजमध्ये जुना फ्रिज आहे, तो रिकामा करते. टाकून द्यायचं जिवावर आलंय पण टाकते. आजच्या काकड्या फ्रिजमध्ये ठेवल्या, उद्याच्या आल्या की पहिली बरणी भरते, लिटरला ५० ग्रॅम. सप्टेंबरच्या मध्यावर उघडून इथेच लिहीन कशी झाली ते.