मदत हवी आहे: नाशिकच्या पाथर्डी फाट्याकडे टाऊनशिपमध्ये फ्लॅट घ्यावा का?

मंडळी, सध्या सिडकोत भाड्याने राहतोय, पाथर्डी फाट्याकडे एका मोठ्या टाऊनशिपमध्ये टू बीएचके बघितलाय, सॅम्पल फ्लॅट एकदम भारी पण बिल्डिंगी इतक्या चिकटून की समोरच्याच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतील. बायकोला गार्डन, क्लबहाऊस आवडलंय, आईचं म्हणणं पापड वाळवायचे कुठे!

महारेरा नंबर (बांधकाम प्रकल्पाची सरकारी नोंदणी) आहे, पण करार रजिस्टर व्हायच्या आधीच 20 टक्के मागतायत, नियमाने 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाही ना? शिवाय बांधकाम चालू असताना 5 टक्के जीएसटी, तो कम्प्लिशन झालेल्या घराला नाही, मग थांबावं का? अशा गर्दीच्या स्कीममध्ये राहणाऱ्यांनी पाणी, पार्किंग आणि मेंटेनन्सचं खरं काय ते सांगा प्लीज, रविवारी टोकन द्यायचंय.