बहिणीच्या बुलिमियासाठी मुंबईत थेरपिस्ट हवाय, मदत करा
धाकट्या बहिणीला (वय २२) बुलिमिया (एकदम खूप खाऊन मग उलटी वगैरे करून ते बाहेर काढण्याचा आजार) आहे असं सायकियाट्रिस्टनी सांगितलंय. वजन नॉर्मल त्यामुळे घरात कुणाला पटतच नाही, आई म्हणते पित्त झालंय. पोटॅशियम कमी होतं ते आता ठीक आहे, ईसीजी पण नॉर्मल, फ्लुओक्सेटिन हे औषध चालू आहे. डाएटिशियनने सरळ कॅलरीचा तक्ताच हातात दिला, त्याने त्रास उलट वाढला म्हणून ते बंद केलं. आता सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी, बोलण्यातून होणारी थेरपी) करायची आहे, पण खाण्याच्या आजारांचा अनुभव असलेलं कुणीतरी हवंय, जनरल काउन्सेलिंग नको. मराठीत बोलणारं, ठाणे ते दादर, संध्याकाळी सातनंतर, ऑनलाइन नको कारण वन रूम किचनमध्ये मोकळं बोलणार कुठे. कुणी माहितीय का? आणि जेवल्या जेवल्या ती बाथरूमकडे निघाली की आम्ही अडवायचं की नुसतं गप्पांत गुंतवायचं?