घाम येऊ द्या, अंग फार तापू देऊ नका

‘एमएसमध्ये (मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण झिजवणारा आजार) दम लागेल असा व्यायाम नकोच, कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन वाढून आजार बळावतो,’ असं वर एका ताईंनी लिहिलंय. काळजी समजते, पण हे पटत नाही. जोरदार व्यायामात कॉर्टिसोल वाढतं ते तात्पुरतं, विश्रांतीनंतर उतरतं.

या भीतीचं मूळ जुनं आहे. १८९० मध्ये ऊटहोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांना दिसलं की श्रमानंतर एमएसच्या काही रुग्णांची नजर थोडा वेळ अंधुक होते. दोष श्रमाचा नव्हता, वाढलेल्या उष्णतेचा होता. मायलिन (नसेवरचं आवरण) झिजलेल्या नसेतून जाणारा संदेश गरमीत अडखळतो, अंग निवलं की पूर्ववत होतो. तरी कित्येक दशकं रुग्णांना ‘पडून राहा’ हेच सांगितलं गेलं! १९९६ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात ५४ रुग्णांवर अभ्यास झाला. त्यातल्या एका गटाने १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटं सायकलिंगसारखा व्यायाम केला. त्यांची श्रमात ऑक्सिजन वापरण्याची क्षमता २२ टक्क्यांनी वाढली.

हार्मोनचा खरा संबंध बायकांनी लक्षात घ्यावा. बीजोत्सर्गानंतर (बीजांड बाहेर पडल्यावर) प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे शरीराचं तापमान साधारण अर्धा अंश चढतं. माझ्या बहिणीला पाळीआधीच्या आठवड्यात पाय जड वाटतात. त्या दिवसांत ती सकाळी लवकर, पंख्यासमोर, मानेवर ओला पंचा ठेवून सायकल चालवते, वेळही कमी करते. पण बंद करत नाही.

स्टेरॉइडचा कोर्स चालू असेल तर साखर वाढू शकते, तेव्हा मात्र न्यूरॉलॉजिस्टना विचारूनच व्यायाम सुरू करा.