मदत हवी आहे: संसदीय की अध्यक्षीय? तीन देश कुठल्याच रकान्यात बसेनात

नमस्कार मंडळी,

निरनिराळ्या देशांच्या राज्यघटनांवर शाळकरी मुलांसाठी एक तक्ता करतोय. दोनच रकाने आखले: संसदीय आणि अध्यक्षीय. तासाभराचं काम वाटलं होतं, आज चौथा दिवस आहे.

ब्रिटन आणि अमेरिका पाच मिनिटांत उरकले. ब्रिटनचा पंतप्रधान संसदेतूनच येतो, हाउस ऑफ कॉमन्सच्या विश्वासावर टिकतो. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष वेगळ्या निवडणुकीतून चार वर्षांसाठी येतो आणि त्याच्या मंत्र्याला काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, सदस्य राहताच येत नाही. इथपर्यंत ठीक. पुढे घोडं अडलं.

दक्षिण आफ्रिका: १९९६ची राज्यघटना. राष्ट्राध्यक्ष हाच राष्ट्रप्रमुख आणि हाच सरकारचाही प्रमुख. मी बिनधास्त 'अध्यक्षीय' लिहून मोकळा झालो. मग कळलं की त्याला ४०० जणांचं राष्ट्रीय सभागृह आपल्याच सदस्यांमधून निवडतं, आणि निवडून आला की त्याची सभागृहातली जागा जाते. खोडलं.

स्वित्झर्लंड: सात जणांचं मंडळ देश चालवतं. त्यांना संसद निवडते, म्हणून 'संसदीय' लिहिलं. पण तिथे अविश्वास ठरावाची तरतूदच नाही! एकदा निवडले की चार वर्षं निर्धास्त. हेही खोडलं.

फ्रान्स: राष्ट्राध्यक्षाला लोक थेट निवडतात, शिवाय पंतप्रधानही आहे. इथे तर काही लिहिलंच नाही.

कोण निवडतं ही कसोटी मी धरली होती, ती दगा देतेय. मग धरायचं काय?

प्रतिसाद १

आणतो कोण हे विचारलंत, घरी कोण पाठवू शकतं हेही विचारा. मुदत संपण्याआधी, काही गुन्हा नसताना, निव्वळ राजकीय नापसंतीवर कायदेमंडळाला सरकार घालवता येतं का? दक्षिण आफ्रिकेत येतं. सभागृहाने बहुमताने अविश्वास ठराव मंजूर केला की राष्ट्राध्यक्षासकट सगळ्या मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागतो. म्हणजे नाव काहीही असो, गाडा संसदीयच.

इथे महाभियोगाची गल्लत करू नका. त्यासाठी आरोप लागतो. अमेरिकेत प्रतिनिधीगृह साध्या बहुमताने आरोप ठेवतं, पण पदावरून काढायला सेनेटचं दोन-तृतीयांश मत लागतं. अँड्र्यू जॉन्सन (१८६८), क्लिंटन (१९९८) आणि ट्रम्प (२०१९ व २०२१) यांच्यावर असे आरोप ठेवले गेले, पण सेनेटने एकालाही दोषी धरलं नाही. अविश्वास ठरावाला कारणही द्यावं लागत नाही, हा फरक मुलांना नक्की सांगा.

आणि निम्मा गोंधळ आपल्या भाषेचाही आहे. कुठे राष्ट्रपती, कुठे राष्ट्राध्यक्ष, आणि सभागृह चालवणारा तोही अध्यक्षच! 'अध्यक्ष' दिसला की हात आपोआप 'अध्यक्षीय' रकान्याकडे जातो.

प्रतिसाद २

पहिल्या प्रतिसादाशी सहमत, पण 'कोण निवडतं' हे अगदीच मोडीत काढू नका. इस्रायलने १९९६, १९९९ आणि २००१ मध्ये पंतप्रधान थेट लोकांकडून निवडला, पण त्याला हटवायचा अधिकार संसदेकडे ठेवला. लोकांनी दोन मतं दोन दिशांना दिली; पंतप्रधान एका पक्षाचा आणि संसदेत लहानसहान पक्षांची गर्दी. शेवटी ती पद्धत सोडून दिली. निवड आणि हकालपट्टी यांचं आपसात जुळलं नाही की असं होतं.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. आफ्रिका सुटली. पण फ्रान्स? तिथे संसद सरकार पाडू शकते ना?

प्रतिसाद १

पाडते, पण कुणाला ते बघा. ५७७ पैकी २८९ मतं पडली की पंतप्रधान आणि त्याचं मंत्रिमंडळ जातं. राष्ट्राध्यक्ष जागचा हलत नाही. ऑक्टोबर १९६२मध्ये पंतप्रधान पॉम्पिदू यांचं सरकार पडलं, तर राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी सभागृहच विसर्जित केलं आणि निवडणुकीनंतर पुन्हा पॉम्पिदूंनाच नेमलं! डिसेंबर २०२४मध्ये पंतप्रधान बार्निए गेले, राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन राहिले.

शिवाय सभागृहात विरोधकांचं बहुमत आलं की राष्ट्राध्यक्षाला त्यांच्यातलाच पंतप्रधान घ्यावा लागतो. १९८६मध्ये मितेराँ यांना शिराक घ्यावे लागले. तेव्हा राष्ट्राध्यक्षाची मुदत सात वर्षांची आणि सभागृहाची पाच, म्हणून मध्येच हवा फिरायची. २०००च्या सार्वमताने राष्ट्राध्यक्षाचीही पाचवर आणली. यासाठी तिसरा रकाना करा: अर्ध-अध्यक्षीय.

धागाकर्ता

तक्ता फाडून नवा आखला. आता उभे रकाने 'कोण निवडतं' आणि 'कोण घालवू शकतं' असे आहेत, पद्धतीचं नाव शेवटी. स्वित्झर्लंडसमोर 'संसद निवडते, मध्येच काढू शकत नाही' एवढंच लिहिलं आणि नावाच्या जागी 'सामूहिक मंडळ'. तिथला अध्यक्ष दरवर्षी बदलतो आणि तोही सातांपैकीच एक, त्यामुळे राष्ट्रप्रमुख म्हणून एकट्याचं नाव न लिहिता 'सातही जण मिळून' असं लिहिलं. चूक असेल तर सांगा.

नंतर हौसेने बोस्निया-हर्झेगोविना उघडलं. तीन जणांचं अध्यक्षमंडळ, एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब, तिघेही थेट निवडून येणारे, आणि प्रमुखपद दर आठ महिन्यांनी फिरतं. शिवाय वेगळं मंत्रिमंडळ आहेच.

कोणी आहे का?