पेटंट घ्यावे की तेवढ्या पैशात पत्रा घ्यावा?

हळकुंड

सांगलीजवळ माझे छोटे वर्कशॉप आहे. शिजवून वाळवलेली हळद पॉलिश करण्याचा जो जाळीचा ड्रम आमच्याकडे गावोगावी दिसतो, त्यात लांब हळकुंडे एकमेकांवर आपटून तुटतात आणि तुकड्यांना भाव कमी मिळतो. चार हंगाम खटपट करून मी ड्रमच्या आतील पट्ट्या अशा तिरक्या बसवल्या की हळद वरून कोसळण्याऐवजी घरंगळत राहते. साल तेवढीच निघते, मात्र मोडतोड निम्म्याहून कमी होते. दोन वर्षांपूर्वी हा ड्रम मी एका कृषी प्रदर्शनात चालवून दाखवला आणि पुढच्याच हंगामात तालुक्यातील दुसऱ्या एका वर्कशॉपने तसाच ड्रम माझ्यापेक्षा स्वस्तात विकायला काढला.

तेव्हापासून भेटेल तो मला पेटंट न घेतल्याबद्दल दोष देतो. माझे मत असे की घेतले असते तरी फारसा फरक पडला नसता. पेटंट मिळाले म्हणजे सरकार आपल्या दारात पहारेकरी बसवते असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात नकल करणारा शोधायचा आपणच, वकील लावायचा आपणच आणि तारखांना हेलपाटे घालायचे तेही आपणच. शिवाय समोरच्याने पट्टीचा कोन थोडा बदलला की तो वेगळे यंत्र असल्याचे सांगायला मोकळा. पेटंटचे अर्ज करून देणाऱ्या एका एजंटने मला जो एकूण खर्च सांगितला होता, त्यात मी पत्रा वाकवायचे जुने बेंडिंग मशीन विकत घेतले आणि त्यामुळे आज माझा ड्रम नकलेपेक्षा लवकर तयार होतो. छोट्या यंत्रकाराने पैसा पत्र्यात, डीलरमध्ये आणि दुरुस्तीला धावून जाणाऱ्या माणसात घालावा, कागदात घालू नये, असे मला वाटते. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी जरूर खोडून काढावे.

मुनीम

मी पेटंट एजंट आहे, त्यामुळे माझे बोलणे हितसंबंधी समजून वाचले तरी हरकत नाही. पण आकडे तरी नीट मांडू या. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी शुल्क 1,600 रुपये आहे आणि परीक्षणाच्या, म्हणजे अर्ज तपासून घेण्याच्या, विनंतीचे 4,000. पेटंट मिळाल्यावर ते जिवंत ठेवायचे शुल्क तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत दरसाल 800, सातव्या ते दहाव्यापर्यंत 2,400, पंधराव्यापर्यंत 4,800 आणि शेवटची पाच वर्षे 8,000 रुपये. पूर्ण वीस वर्षे चालवले तर नूतनीकरणाचे 76,800 रुपये होतात आणि यंत्र खपत नसेल तर मध्येच भरणे थांबवता येते. एजंटची फी यावर वेगळी, आणि आमच्या व्यवसायात ती काही ठिकाणी अवाच्या सवा लावली जाते हे मी नाकारत नाही.

तुमच्या हकिकतीत खरी चूक पेटंट न घेण्याची नसून क्रमाची आहे. अर्ज करण्याआधी तुम्ही यंत्र लोकांपुढे चालवले, त्या दिवशीच त्याचे नावीन्य कायद्याच्या दृष्टीने संपले. पेटंट कायद्याचे कलम 31 प्रदर्शनासाठी बारा महिन्यांची सवलत देते, मात्र केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून ज्या प्रदर्शनाला ती लागू केली असेल तेवढ्यापुरतीच. गावोगावच्या कृषी मेळ्यांना ती आपोआप मिळत नाही. याउलट प्रोव्हिजनल अर्जात शोधाचे वर्णन पुरेसे असते, दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क सांगायचा ते, नंतर मांडता येतात आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. प्रदर्शनाला जाण्यापूर्वी सोळाशे रुपये भरून तुम्ही ते वर्ष विकत घेतले असते आणि ड्रम खपतो की नाही हे पाहूनच पुढचा खर्च केला असता.

लेथवरचा माणूस

मुनीमसाहेब शुल्काचा तक्ता सांगतात, पण दरवाजा किती अरुंद आहे ते सांगत नाहीत. पेटंट कायद्याच्या कलम 3(फ) नुसार ओळखीची उपकरणे एकमेकांना जोडली आणि प्रत्येक आपापले काम स्वतंत्रपणेच करत राहिले, तर तो शोध ठरत नाही. आमच्या धंद्यातील दहापैकी नऊ सुधारणा अशाच असतात: ड्रमला पंखा जोडला, पंख्याला धूळ गोळा करणारी पेटी जोडली. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये निकाली काढलेला खटला तर आमच्याच जातकुळीचा होता. मिर्झापूरच्या एका भांडी बनवणाऱ्या पेढीने लेथवर भांडे पक्के धरण्याच्या जुगतीचे पेटंट घेतले होते. ते रद्द ठरवताना न्यायालयाने सांगितले की वर्कशॉपमधील साध्या सुधारणेपेक्षा अधिक काहीतरी असल्याशिवाय पेटंट टिकत नाही. आता मला सांगा, आम्ही वर्कशॉपमध्ये बसून वर्कशॉपची सुधारणा नाही करायची तर दुसरे काय करायचे?

आणि पेटंट टिकले तरी पुढे काय? पुण्याच्या बजाजने दोन स्पार्क प्लगच्या इंजिनाचा अर्ज 2002 मध्ये केला, 2005 मध्ये पेटंट मिळाले, 2007 मध्ये टीव्हीएसने आपली 125 सीसी गाडी आणली आणि वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला. 2008 मध्ये टीव्हीएसविरुद्ध मनाई मिळाली, 2009 मध्ये खंडपीठाने ती उठवली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन आले आणि अखेर 2019 मध्ये दोघांनी समझोता केला. बारा वर्षे! त्या काळात इंजिनांची पिढी बदलली. दोन्ही कंपन्यांना वकिलांचा खर्च परवडला. आमच्या हळकुंडरावांना तो बारा महिनेही परवडणार नाही.

आणखी एक कबुली देतो, म्हणजे माझी बाजूही स्वच्छ नाही हे कळेल. मीसुद्धा दुसऱ्यांची यंत्रे पाहूनच शिकलो आणि हळकुंडरावांनी ज्या मूळ ड्रमवर काम केले तो तरी कोणाचा होता? त्या मूळ ड्रमवर कोणी वीस वर्षे हक्क सांगितला असता तर आज हा वादच उद्भवला नसता, कारण तिरक्या पट्ट्यांपर्यंत कोणी पोहोचलेच नसते.

मुनीम

तुम्ही 3(फ) अर्धेच वाचले. दोन भाग जोडल्यामुळे त्यांच्या कामाचा एकमेकांवर परिणाम होऊन नवा परिणाम मिळत असेल, तर तो अपवाद लागू होत नाही. पट्टीच्या कोनामुळे हळद कोसळायची थांबून घरंगळू लागली, हा मला तरी दोन वस्तू शेजारी ठेवण्याचा प्रकार वाटत नाही. पट्टीचा कोन बदलून पळवाट काढता येते ही तक्रारही दावे कसे लिहिले यावर अवलंबून आहे. ‘30 अंशांची पट्टी’ असे लिहिणारा स्वतःच स्वतःला बांधून घेतो. हळद पडू न देता घरंगळवणारी रचना नेमकी कशी काम करते ते उकलून लिहिणाऱ्याला अधिक मोठे आवार मिळते, अर्थात परीक्षकाने ते मान्य केले तर.

बजाजचे उदाहरण मात्र मान्य. पण बहुतेक पेटंटे कोर्टापर्यंत जातच नाहीत. ती एखाद्या मोठ्या उत्पादकाशी परवान्याचा करार करताना टेबलावर ठेवली जातात. हातात अर्ज क्रमांक नसताना शोध सांगायला गेलेल्या माणसाला चहा पाजून वाटेला लावतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

श्टुटगार्टकर

मी जर्मनीत यंत्ररचनेचे काम करतो. येथे पेटंटच्या जोडीला एक धाकटा हक्क आहे, ज्याला लोक छोटे पेटंट म्हणतात. त्यात नावीन्याची तपासणी न करताच नोंदणी होते, ती थोड्या अवधीत हातात पडते आणि जास्तीत जास्त दहा वर्षे चालते. शोधकाने स्वतः वस्तू आधी दाखवली असली तरी सहा महिन्यांची मुभा असते, म्हणजे हळकुंड यांचे प्रदर्शन येथे घातक ठरले नसते. भारतात असा हक्कच नाही. पूर्ण पेटंट किंवा केवळ दिसण्याचे संरक्षण करणारी डिझाइन नोंदणी, एवढेच दोन पर्याय. वर्कशॉपच्या सुधारणांना जागा कोणती, या लेथवरच्या माणसाच्या प्रश्नाचे उत्तर मला तरी याच धाकट्या हक्कात दिसते.

लेथवरचा माणूस

तपासणीशिवाय हक्क? मग प्रत्येक मोठी कंपनी नांगराच्या प्रत्येक फाळाची नोंदणी करून ठेवील आणि मी नटबोल्ट आवळण्यापूर्वी वकिलाला विचारत बसेन. तुमच्याकडे हक्क खोटा ठरवायला जाणे माणसाला परवडते. आमच्याकडे नोटिशीचा कागद पाहूनच माणूस यंत्र झाकून ठेवतो.

तळटीप

वादात एक जुने नाव आणतो. शंकर आबाजी भिसे 1867 मध्ये मुंबईत जन्मले. छपाईचे खिळे, म्हणजे धातूची अक्षरे, ओतण्याचे त्यांचे यंत्र लंडनमध्ये नावाजले गेले, दादाभाई नौरोजींनी त्यांना पाठबळ दिले, सर रतन टाटांनी पैसा घातला आणि त्यांच्या नावावर सुमारे चाळीस पेटंटे जमली. तरीही ते यंत्र बाजारात अपेक्षेप्रमाणे रुजले नाही आणि भिसे पुढे अमेरिकेत गेले. 1935 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. पेटंट असूनही माल खपत नाही, हे हळकुंड यांच्या बाजूने झाले. पण टाटांसारख्यांनी पैसा घालावा यासाठी मुंबईहून आलेल्या एका तरुणाकडे दाखवण्यासारखे काही हवे होते, हेही विसरू नये.

उलट बाजूला कोइंबतूरचे अरुणाचलम मुरुगानंतम आहेत. सॅनिटरी पॅडच्या स्वस्त यंत्राचे पेटंट त्यांनी घेतले, पण ते मोठ्या कंपनीला न विकता यंत्रे महिला बचत गटांना पुरवली. पेटंट घेणे म्हणजे इतरांना अडवणेच असे धरून येथे सगळे बोलत आहेत. आपली वस्तू कोणापर्यंत जावी हे ठरवण्यासाठीही ते हाताशी ठेवता येते.

हळकुंड

सर्वांचे आभार. कोर्टाबद्दलचे माझे मत बदललेले नाही. माझ्या ड्रमची नकल करणाऱ्यावर मी हक्क असता तरी दावा ठोकला नसता, कारण आमच्या दोघांच्या गिऱ्हाइकांमध्ये निम्मे सोयरे आहेत. पण प्रोव्हिजनल अर्ज सोळाशे रुपयांत होतो हे मला कोणी सांगितले नव्हते आणि एजंटने सांगितलेल्या आकड्याची फोड मी मागितली नव्हती, ही चूक माझी.

तिरक्या पट्ट्या आता सगळ्यांच्या झाल्या, तो विषय संपला. मात्र ड्रम न थांबवता हळद बाहेर काढण्याची एक रचना सध्या माझ्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. ती कशी चालते हे येथे लिहीत नाही. त्याचे कारण मुनीमसाहेबांनीच वर दिले आहे. त्यांना एकच विचारतो: या हंगामात एका शेतकऱ्याच्या खळ्यावर ती चालवून पाहणे भाग आहे, कारण शेडमध्ये दोन पोत्यांवर काहीच कळत नाही. तेवढ्याने पुन्हा नावीन्य बुडेल काय?

मुनीम

कलम 32 वाजवी चाचणीसाठी एक वर्षाची मोकळीक देते, पण ती चाचणी शोधाच्या स्वरूपामुळे आवश्यकच होती हे उद्या तुम्हाला दाखवावे लागेल आणि त्या खळ्यावर चार पाहुणे मोबाइल घेऊन उभे असले तर दाखवणे कठीण जाईल. अर्ज आधी करा, खळ्यावर नंतर जा. शेतकऱ्याकडून भाडे घेऊ नका आणि हे चाचणीसाठी आहे असे दोन ओळींत लिहून त्याची सही घ्या. या रचनेत घरातील बाईंचा खरोखर वाटा असेल तर त्यांचे नावही अर्जदार म्हणून घाला. अर्जदारांत स्त्री असेल तर 8,000 रुपये भरून जलद परीक्षण मागता येते.

हळकुंड

वाटा आहे. झडप उलटी बसवून पाहा, हे तिनेच सांगितले होते.