मदत हवी आहे : वाचनालयातल्या नऊ कॉम्प्युटरची सिक्युरिटी अपडेट बंद पडली आहेत, नेट थोडं आहे

नमस्कार मंडळी,

चोपडा तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. पुस्तकांच्या कपाटांमागे अभ्यासिका आहे आणि तिथे नऊ कॉम्प्युटर. आठांवर उबुंटू २०.०४ (विंडोजऐवजी चालणारी फुकट लिनक्स प्रणाली) आहे. नववा अगदी जुना, ३२ बिटचा, त्यावर उबुंटूचाच हलका प्रकार, लुबुंटू १८.०४. विंडोजचं लायसन्स परवडत नव्हतं आणि चोरून टाकलेलं विंडोज वाचनालयात नको, असं आमच्या कार्यकारिणीनं तेव्हा ठरवलं होतं. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो, म्हणूनच आता जे झालं ते मनाला जास्त लागलंय.

मागच्या आठवड्यात बारावीतली एक मुलगी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आली. सोबत वडील, केळीच्या बागेतून तसेच आलेले. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून पासबुक आणि आधार कार्ड काढलं, मोबाइल कीबोर्डशेजारी ठेवला. ओटीपी आला. लेकीनं आकडे टाकायला हात पुढे केला तर तिला थांबवून त्यांनी मला विचारलं, "ताई, आठे (इथे) टाकू ना?" मी म्हटलं, "टाका, निर्धास्त टाका."

संध्याकाळी अभ्यासिका रिकामी झाल्यावर त्याच कॉम्प्युटरवर मी सहज सॉफ्टवेअर अपडेटर उघडला. या आवृत्तीला आता अपडेट मिळत नाहीत, असा संदेश समोर आला. ॲप्टची (उबुंटूत प्रोग्राम आणि अपडेट उतरवणारं साधन) हिस्टरी लॉग फाइल उघडली तर शेवटची नोंद मार्च २०२४ ची. मग एकेक करत सगळे पाहिले. आठही तसेच. पूर्वी एक विद्यार्थी हे सगळं मनापासून सांभाळायचा. नेटचा डेटा दुपारीच संपतो म्हणून त्यानं आपोआप होणारी अपडेट बंद केली आणि सारखी वर येणारी सूचनाही बंद करून टाकली. पुढे तो नोकरीला पुण्याला गेला. त्याला दोष देत नाही. विचारायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही.

तेव्हापासून त्या माणसाचा प्रश्न डोक्यातून जात नाही. मी कशाच्या जोरावर "निर्धास्त" म्हटलं?

आमची परिस्थिती सांगते. नेट सिमवरच्या राउटरचं, रोजचे दोन जीबी, त्यानंतर पान उघडायलाही मिनिट लागतं. इन्व्हर्टर फक्त दिवे-पंख्यांना आहे. आठ कॉम्प्युटरांना प्रत्येकी चार जीबी रॅम. मी चार नंबरच्या कॉम्प्युटरवर स्वतः प्रयत्न करून पाहिला. पहिल्यांदा ॲप्ट अपडेट दिलं तर एररचा अर्थ असा निघत होता की रिलीज फाइल (अपडेटच्या यादीची फाइल) अजून लागू झालेली नाही, आणखी १९ दिवस थांबा. हे मला मुळीच कळलं नाही. नंतर लक्षात आलं, कोपऱ्यातली तारीखच १९ दिवस मागे आहे. तारीख हातानं बदलल्यावर यादी आली, उतरवायचे ९१४ एमबी. ते दोन दिवसांत उतरले, बसायला लागले आणि लाइट गेली. परत चालू केल्यावर डीपीकेजी (उतरलेले प्रोग्राम बसवणारं साधन) मधेच थांबलंय असा संदेश. त्यातच लिहिलेली कॉन्फिगरची कमांड दिली, तेव्हा गाडी रुळावर आली.

आता मला विचारायचं आहे ते असं. एकेका कॉम्प्युटरला एवढा डेटा तर आठांना मी कुठून आणू? २०.०४ ची मुदत संपली म्हणजे नक्की काय संपलं? पडद्यावर उबुंटू प्रो घ्या असं येतं, ते आम्ही घ्यावं का? चार नंबरवर अपडेट झाल्यावरही बऱ्याच प्रोग्रामांचे आवृत्ती क्रमांक जुनेच दिसतात, मग त्या ९१४ एमबीत आलं काय? आणि तालुक्याच्या गावी एका दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, "लिनक्सला व्हायरस लागत नाही, अपडेट नाही केलं तरी चालतं." हे खरं आहे का?

कृपया सोप्या भाषेत सांगा. कमांड टाइप करायची भीती नाही, पण कशासाठी करतेय ते समजून घ्यायचंय.

प्रतिसाद : पांझराकाठ, धुळे

ताई, आधी त्या वडिलांचं बोलू. ओटीपी एकदाच चालतो, तो वापरून झाला, त्याची काळजी सोडा. फॉर्मच्या साइटचा पासवर्ड मात्र मुलीला स्वतःच्या मोबाइलवरून बदलायला सांगा आणि पासबुकात एकदा नोंदी भरून घ्या म्हणावं. काही गेलं असेल असं तुमच्या लिहिण्यावरून वाटत नाही, पण सांगितलेलं बरं.

दुरुस्तीवाल्याचं म्हणणं अर्धवट आहे. विंडोजसाठी बनवलेले व्हायरस लिनक्सवर चालत नाहीत, इतकंच खरं. प्रोग्राममध्ये चुका राहतात त्या सगळीकडे. पीकेएक्झेक नावाचा छोटा प्रोग्राम जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतो. त्यात २००९ पासून एक चूक होती आणि ती जानेवारी २०२२ मध्ये उघड झाली. साध्या खात्यावर बसलेला कोणीही तिच्या मदतीनं कॉम्प्युटरचा पूर्ण मालक होऊ शकत होता. घरच्या कॉम्प्युटरपेक्षा हे तुमच्याकडे जास्त महत्त्वाचं, कारण तुमच्या कीबोर्डवर दिवसाला तीस जणांचे हात पडतात. ते अपडेट तुमच्याकडे पोचलेलं असणार, बंद पडलं ते २०२४ मध्ये.

पण त्यानंतरचं बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये फायरफॉक्समध्ये एक गंभीर चूक सापडली, आणि दुरुस्ती यायच्या आधीच तिचा गैरवापर चालू होता. फसवं पान नुसतं उघडलं तरी पुरेसं होतं. दिसलेले हल्ले विंडोजवाल्यांवर होते, तरी भोक ब्राउझरमध्ये होतं आणि तुमचा ब्राउझर मार्च २०२४ चा. तुमच्याकडे लोक फॉर्म भरतात ते ब्राउझरमध्येच. म्हणून बाकी काही जमो न जमो, ब्राउझर ताजा असलाच पाहिजे.

आवृत्ती क्रमांकाचं. उबुंटूवाले आणि उबुंटू ज्यावर उभं आहे ते डेबियनवाले मुदतीच्या काळात शक्यतो नवीन आवृत्ती देत नाहीत. मूळ लेखकानं नव्या आवृत्तीत केलेली दुरुस्ती तेवढीच उचलून जुन्या आवृत्तीत बसवतात. जुन्या गोधडीला फाटलं तिथे ठिगळ लावावं तसं. सुरुवातीचा क्रमांक तोच राहतो, शेपटीचा आकडा बदलतो. यात शहाणपण आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशनच्या प्रोग्राममध्ये कोणीतरी जाणूनबुजून चोरवाट घातल्याचं उघड झालं. एका इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं, म्हणून ती सापडली. ती फक्त अगदी नव्या आवृत्त्यांमध्ये होती. जुनी आवृत्ती दुरुस्त करत वापरणारे उबुंटू २०.०४, २२.०४ आणि डेबियन स्टेबल त्यातून सुटले. तेव्हा नवं आणि सुरक्षित या दोन गोष्टी वेगळ्या धरा.

मुदतीचं म्हणाल तर २०.०४ ची ठिगळं ३१ मे २०२५ ला थांबली. उबुंटू प्रोवर ती पुढेही मिळतात, पण फुकट फक्त पाच कॉम्प्युटरांपर्यंत. तुमचे कॉम्प्युटर आठ, त्यामुळे तो मार्ग तुमचा नाही. त्या ९१४ एमबीच्या मागेही आता लागू नका, ते मे २०२५ पर्यंतचंच असणार. २०.०४ वरून थेट २४.०४ वर जाता येत नाही, मधे २२.०४ चा मुक्काम करावा लागतो. तुमच्या नेटवर आणि लाइटवर ते दोनदा नको.

माझा सल्ला : आठही कॉम्प्युटरांवर लिनक्स मिंट २२, त्यातला एक्सएफसीई हा हलका प्रकार, कोरं बसवा. त्याचा पाया उबुंटू २४.०४ चा आहे आणि अपडेट २०२९ पर्यंत आहेत. चार जीबीत नीट चालतं. उबुंटूत २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप नावाच्या वेगळ्या पद्धतीनं येतो, मिंटमध्ये तो बाकीच्यांसारखा ॲप्टमधूनच येतो. याचा तुम्हाला मोठा फायदा होईल. एक नंबरच्या कॉम्प्युटरवर ॲप्ट-कॅशर-एनजी टाका, तो उतरलेली अपडेट साठवून ठेवणारा प्रोग्राम आहे. त्याला स्वतःला आणि उरलेल्या सातांना सांगा की अपडेट हवं असेल तर बाहेर जाऊ नका, एक नंबरला पोर्ट ३१४२ वर विचारा. एक फाइल एकदाच गावात येईल, मग आपसात वाटली जाईल. स्नॅपचं असं वाटप होत नाही. पाकिटं (प्रोग्रामांच्या फाइली) साध्या एचटीटीपीवरून, म्हणजे कुलूप नसलेल्या जोडणीवरून येतात म्हणून घाबरू नका. त्यांच्या यादीवर सही असते आणि प्रत्येक कॉम्प्युटर ती स्वतः तपासतो. तारीख चुकल्यावर आलेली एररही त्याच पहाऱ्याची, उद्याच्या तारखेची सही कॉम्प्युटर मान्य करत नाही. तुमच्या चार नंबरचा मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलाय, सीआर २०३२ आणून बदला.

मिंटची फाइल तीन जीबीच्या आसपास आहे. फायबर असलेल्या कोणाकडून तरी पेनड्राइव्हवर घ्या, पण शा-२५६ चा आकडा (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) आणि त्या आकड्यांच्या फाइलवरची सही, दोन्ही ताडल्याशिवाय बसवू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द मिंटच्या साइटवरचा दुवा चोरांनी बदलला होता आणि लोकांनी चोरवाट असलेली फाइल उतरवून घेतली. नुसता आकडा साइटवर बघितला तर तोही चोर बदलू शकतो, सही बदलता येत नाही.

प्रतिसाद : केळीबाग, रावेर

ताई, ३२ बिटवाल्याबद्दल. डेबियन १२ मध्ये ३२ बिट आहे, १३ मध्ये त्याचा इन्स्टॉलर काढलाय, म्हणजे तो रस्ताही फार लांबचा नाही. त्या कॉम्प्युटरवर काय काम करता? फक्त पुस्तकांची नोंदवही असेल तर नेटची वायर काढून टाका आणि आहे तसा वापरा.

धागाकर्ती

पांझराकाठ भाऊ, रावेरचे दादा, तुमचे फार आभार. उशिरा लिहितेय कारण काम संपवूनच लिहायचं ठरवलं होतं.

मिंटची फाइल चोपड्याला माझ्या मामेभावाकडे उतरवली. सही ताडायला आम्हाला दीड तास लागला, सही तपासायची किल्ली कुठून आणायची इथेच अडलो होतो. "गुड सिग्नेचर" ही ओळ आली तेव्हा आम्ही दोघंही खुर्चीत मागे टेकलो. बसवायचं काम मी सकाळी सहाला घेतलं, आमच्याकडे त्या वेळेला लाइट सहसा जात नाही. रोज दोन याप्रमाणे चार दिवस. विद्यार्थ्यांच्या फाइली आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवल्या.

वाटपाचं काम डोळ्यांनी बघितलं. एक नंबरला अपडेट उतरवायला सगळी सकाळ आणि जवळजवळ सगळा डेटा लागला. दोन नंबरला तीच कमांड दिली आणि ओळी इतक्या भराभर वर गेल्या की मला वाटलं काहीतरी चुकलं. राउटरवर बघितलं तर डेटा तसाच. मग तीन, पाच, सहा. चार नंबरचा सेल बदलला, घड्याळ आता बरोबर आहे.

एक अडचण आली ती लिहून ठेवते, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल. एक नंबर बंद असेल तर बाकीच्यांचं अपडेट एररवर अडतं. आमचे शिपाईकाका सकाळी दारापासून सुरुवात करायचे आणि एक नंबर आहे खिडकीशी, म्हणून तो शेवटी चालू व्हायचा. आता त्याच्या पडद्यावर जाड अक्षरात चिठ्ठी आहे : हा आधी चालू, शेवटी बंद. अपडेट मॅनेजरमध्ये आपोआपचा पर्याय चालू केलाय, तरी दर शनिवारी मी आठही कॉम्प्युटरांची हिस्टरी लॉगमधली शेवटची तारीख देवघेवीच्या वहीत मागच्या पानावर लिहिते. कर्नल (प्रणालीचा गाभा) बदलल्यावर रीस्टार्ट लागतो असं वाचलं, पण आम्ही रात्री सगळं बंदच करतो, तेव्हा ते वेगळं करावं लागत नाही ना? तेवढं सांगा.

त्या मुलीच्या वडिलांना घरी जाऊन सांगितलं. पासवर्ड बदलला, पासबुक भरून आणलं, सगळं जिथल्या तिथे आहे.

नवव्या कॉम्प्युटरची वायर काढली. त्यावर खरंच फक्त पुस्तकांची नोंद आहे.

प्रतिसाद : पांझराकाठ, धुळे

नाही ताई, रोज बंद होतात म्हणजे सकाळी नव्याच कर्नलवर उठतात. एक नंबरची डिस्क मात्र दोन-तीन महिन्यांनी बघत जा, जुनी पाकिटं साठली तर ॲप्ट-कॅशरच्या पानावरून साफ करता येतात.

धागाकर्ती

बघते भाऊ. ताडून घेतलेली मिंटची फाइल पेनड्राइव्हवर माझ्या टेबलाच्या खणात आहे. चोपडा, यावल, अमळनेर भागातल्या कुठल्या वाचनालयाला किंवा शाळेला हवी असेल तर इथे निरोप टाका. सोमवार सोडून रोज चार ते आठ मी असते. येताना तुमचा एखादा कॉम्प्युटर घेऊन आलात तर एक नंबरला जोडून अपडेटही इथेच करून नेता येईल.